भाताच्या खोडातील स्टार्चसाठा
भाताचे रोप निसवण्यापूर्वी पानांत तयार झालेली साखर स्टार्चच्या रूपात खोडाच्या पेरांत आणि त्यांना वेढणाऱ्या पानांच्या तळात साठवते. लोंबी भरू लागली की विकरे हा साठा फोडतात व साखर दाण्यांकडे जाते. म्हणूनच मळणीनंतरच्या पेंढ्यात तंतू आणि सिलिका यांचाच भरणा अधिक असतो. जपानमध्ये वैरणीसाठी काढलेल्या ‘ताचिसुझुका’ वाणाने हीच वाट अडवली: लोंबी आखूड, दाणे थोडे, त्यामुळे साखर बव्हंशी खोडातच राहते.

धान्य घालवून वैरण कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण सबंध रोपाचा मुरघास घातला तर तुसासकटचे बरेच दाणे गाय नीट न चावताच गिळते आणि ते शेणातून अख्खे पडतात. खोडातला साठा मात्र अंगी लागतो. शिवाय मुरघास आंबवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंना स्टार्चपेक्षा विद्राव्य साखर सोयीची. लोंबी हलकी असल्याने पीक सहसा लोळतही नाही. खरी अडचण बियाण्याची. दाणेच कमी, तर बी मुबलक कुठून येणार? तांदूळ पोटाला पुरत नाही तिथे असे वाण लावणे परवडणार नाही. जपानमध्ये तांदळाचा खप घटला, भातखाचरे मोकळी राहू लागली, म्हणून त्याला जागा मिळाली.