पिंजऱ्यातला शामा आणि आमच्या उंबरावरचा तांबट



(आवाज : टुक्… टुक्… टुक्…)

हा तांबट. गेल्या चैत्रात सकाळी साडेसहाला पुण्यात, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. मागे कोकीळ आहे, कुणाच्या तरी कुकरची शिट्टीही आहे. संध्याकाळच्या फाइलमध्ये नुसते रातकिडे. पण हे असं आवाज साठवणं सुरू कधी झालं?

१८८९. जर्मनीतलं फ्रँकफर्ट. लुडविग कॉख, वय वर्षं आठ. वडिलांनी दिलेला फोनोग्राफ त्याने घरातल्या पिंजऱ्यासमोर ठेवला. माइक नव्हता. कर्ण्यात आवाज शिरला की पडदा थरथरतो आणि सुई मेणाच्या नळीवर चर कोरते, बस्स. पिंजऱ्यात होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या रानातही गातो तोच. पक्ष्याच्या गाण्याचं हे सर्वात जुनं ज्ञात रेकॉर्डिंग. कॉख ज्यू होता. १९३६ मध्ये त्याला नाझी जर्मनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं. तो शामा मात्र आजही ऐकता येतो.

पिंजऱ्यातला पक्षी जवळ असतो, मोकळा नसतो. त्याचा आवाज मेणावर उमटणं कठीण. मग १९२९ च्या मे महिन्यात, तिकडच्या वसंतात, अमेरिकेतल्या इथाका शहरात कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन थेट बोलपटाची यंत्रणा घेऊन बागेत गेले. यात आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापला जायचा. मोकळ्या पक्ष्यांची गाणी अशी हाती लागली. तुमच्या फोनमधलं मर्लिन ॲप कॉर्नेलच्याच पक्षी प्रयोगशाळेचं.

आज ते सगळं यंत्र आपल्या खिशात आहे. फक्त एक करा : नॉइज रिडक्शन बंद ठेवा, कारण ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. त्याच्या लेखी पक्षी म्हणजेच नॉइज! आणि शेवटी तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला. त्याशिवाय ती नुसती चिवचिव, पुरावा नाही.

हे का सांगतोय? सुरुवातीचा तांबट ज्या उंबरावर बसायचा, तो पार्किंगसाठी तोडला. यंदाच्या फाइलमध्ये कोकीळ आहे, कुकर आहे, टुक् टुक् नाही. दोन फाइल्सवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. पण तो इथे होता, एवढं तरी माझ्याकडे आहे.

उद्या सकाळी दोन मिनिटं गच्चीत जा. भेटू पुढच्या भागात!