टाकीचा पोचा

उत्तर बंगालमधलं माझं पहिलं पोस्टिंग. ईएमईतला नवा कोरा क्राफ्ट्समन, वेल्डिंग शिकून आलेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं हा समज पक्का. पावसात घसरलेली एका डीआरची बुलेट वर्कशॉपला आली. हँडल फिरून टाकीवर आदळलेलं, डाव्या अंगाला वाटीएवढा पोचा. मी टाकी उतरवली, पेट्रोल ओतून घेतलं आणि गॅसची बत्ती उचलली.

मागून कुणीतरी मनगट धरलं. आमचे सिव्हिलियन उस्ताद.

"टाकी खाली है, उस्ताद."

"खाली है, इसीलिए तो मारेगी."

हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. उपसलेल्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार होतं. (म्हणून भरलेल्या टाकीला बत्ती लावा, असं कुणी समजू नका!)

उस्तादांचा ट्रेड होता टिन अँड कॉपर स्मिथ. मोटारसायकलशी याचा काय संबंध, असं मला तेव्हा वाटायचं. पण जुना संबंध आहे. पहिल्या मोटारसायकलींच्या टाक्या म्हणजे पत्र्याला डाख देऊन केलेले चपटे डबे, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये अडकवलेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस खोगिरासारखी फ्रेमवर बसणारी टाकी आली. बुलेट हे नाव १९३२ चं, इंग्लंडातल्या रेडिचचं. पुढे आपल्या फौजेला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसी बुलेट पसंत पडली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. टाकी मात्र तीच खोगिरी. दिसायला देखणी, दुरुस्तीला वैतागवाणी: तोंड अरुंद, पोटात फ्रेमसाठी खोबण, आतून ना हात जातो ना ठोकणी. पोचा बाहेरूनच ओढावा लागतो.

उस्तादांनी टाकी गरम पाणी आणि सोड्याने तीनदा धुतली. मग आडवी ठेवून पाणी भरलं, पोच्याच्या दोन बोटं खालपर्यंत. पाणी पत्र्याला टेकलं तर ते सगळी उष्णता खातं आणि डाख धरत नाही. फार खाली राहिलं तर वाफेला जागा मिळते. झाकण उघडंच. बत्ती टाकीजवळ आणलीच नाही. तांब्याच्या टोकाचा दांडा बाहेर भट्टीत तापवून आणला, पोच्याचा रंग खरवडला, नवसागर लावून कल्हई चढवली आणि मधोमध पितळी सळई डाखली. मला म्हणाले, ओढ, पण झटका देऊ नकोस. मी ओढत होतो आणि ते पोच्याच्या कडेनं हलक्या हातोडीनं टिचक्या मारत होते. कड सुटते तसा मध्य वर येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, आवाजावरून कळतं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी पुण्यात मामाकडे गेलो की कसब्यातल्या तांबट आळीतून जावं लागे. घंगाळ, बंब, हंडे, दिवसभर ठकठक. घागरीचा पोचा आणि टाकीचा पोचा, हात एकच.

शेवटी एक उथळ खळगा उरलाच, कारण पत्रा ताणला होता. तो त्यांनी डाखाच्या धातूनं भरला, कानशीनं घासला. हल्ली तिथे पुट्टी थापतात. खडबडीत रस्त्यावर ती तडकते आणि गंज आतल्या आत पसरतो.

रात्रभर टाकीत पाणी ठेवून गळती पाहिली. सकाळी वाळवून हिरवा रंग मारला. दुपारी डीआर डाक घेऊन निघाला तेव्हा मी टाकीवरून बोट फिरवलं. जागा सापडली, पण मला ठाऊक होती म्हणूनच.