करवतीचा दात आणि आलापल्लीचा साग

आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पुरा झाला आणि या जंगलाशेजारून मद्रास ते दिल्ली अशी सलग वाट खुली झाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान रवाना झाले, तेही बल्लारपूरच्या आगारातूनच. या सागाचा इतिहास सांगताना जमीनदारी, वनखाते, रेल्वे आणि लिलाव यांची दखल घेतली जाते; ज्या दाताने तो कापला गेला त्याची क्वचितच. वास्तविक ओंडक्याचे मोल पहिल्या छेदापासूनच ठरू लागते.

कुऱ्हाड पाचरीसारखी खाच पाडत जाते. त्यामुळे बुंध्याचा सर्वांत जाड, म्हणजे सर्वांत मोलाचा भाग ढलप्यांत जातो. दोघांनी ओढायच्या करवतीने ही नासाडी पुष्कळ कमी केली. करवतीच्याही दोन जाती. तंतू आडवे तोडणारीचे दात सुरीसारखे तिरपे घासलेले, तर खोड उभे चिरणारीचे दात पटाशीसारखे सरळ. एकीचे काम दुसरीला जमत नाही.

यंत्राच्या पहिल्या साखळ्यांनी हातकरवतीच्याच दातांची नक्कल केली. त्या लाकूड खरवडत आणि लवकर बोथट होत. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी पाहिली. डावा-उजवा जबडा चालवीत ती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी सहज पोखरत होती. तिच्यावरून त्याने घडवलेली साखळी १९४७ मध्ये बाजारात आली. आजच्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातल्या.

तरी जुना भेद मिटला नाही. आडव्या छेदाच्या साखळीचा दात साधारण ३० अंशांत घासतात, उभ्या चिरणीचा सुमारे १० अंशांत. सागात मुळातच सिलिका असते आणि ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती भरते. अशा ठिकाणी टोकदार कोपऱ्याचा दात वेगाने कापतो, पण धार लवकर गमावतो. गोलसर कोपऱ्याचा संथ चालतो, पण टिकतो. साग, ऐन, धावडा यांना हा दुसराच मानवतो. स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडाला पहिला चालेल.

उभ्या चिरणीसाठी योग्य साखळी मिळाली, तरी एक हिशेब उरतो. साखळीचा छेद सुमारे ८ मिलिमीटर रुंद पडतो, आरागिरणीतल्या पट्टा-करवतीचा ३ मिलिमीटरच्या आत. एका ओंडक्यातून दहा फळ्या काढायच्या तर नऊ छेद लागतात. साखळीने ७२ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, पट्ट्याने फार तर २७. फरक ४५ मिलिमीटरचा, म्हणजे इंची फळी धरली तर जवळजवळ दोन फळ्या. म्हणून साखळीची जागा कूपात आणि उभ्या चिरणीची आरागिरणीत. साग तोडीला यायला साठ-सत्तर वर्षे लागतात. त्यातल्या दोन फळ्या भुशात घालवणे कुणालाच परवडणारे नाही.