दिवसा पट, रात्री नाटक



मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला तिच्या काठी माणसांचा पूर लोटतो, हे आपणांस मी सांगावयास नको. तेथील देवळांवर आणि मूर्तींवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी आज ज्या कलेविषयी बोलणार आहे ती दगडात कोरलेली नाही. ती रात्री दहाला सुरू होते, पहाटे संपते आणि सूर्य वर येईपर्यंत तिचा मागमूस उरत नाही. ही कला म्हणजे आपल्या झाडीपट्टीतील विनोदी नटाची कला. मी विद्यापीठाची पायरी चढलेला माणूस नाही. विडी कामगार आणि तेंदूपत्ता तोडणारे मजूर यांच्या संघटनेत आयुष्य गेले. तेव्हा हा इतिहास मी कामकऱ्याच्या नजरेनेच सांगणार, हे गृहीत धरावे.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी शंकरपट पाहिला. बैलजोड्या सुटत, धूळ उडे, आणि कर्ण्यातून एका माणसाचा आवाज सारे मैदान ताब्यात ठेवी. जोडी कोणत्या गावची, धनी कोण, मागल्या साली तिने काय केले, हे त्याला तोंडपाठ असे. मागे पडलेल्या जोडीकडे पाहून तो म्हणे की, हिच्यापेक्षा सावकाराचे व्याज जोरात धावते! हजारो माणसे हसत, आणि त्यांत कर्ज काढून बैल घेतलेला धनीही हसे. त्याच रात्री मंडपात नाटक पाहावयास बसलो, तर विनोदी नटाच्या वेषात तोच माणूस समोर उभा! दिवसा बैलांच्या धावण्याचे वर्णन करणारा रात्री माणसांच्या धावपळीचे वर्णन करीत होता. धंदा एकच, मैदान तेवढे बदललेले.

ही सांगड योगायोगाची नव्हे. पटासाठी पंचक्रोशीतील माणूस गोळा होई. त्यास रात्री परत पाठविण्याऐवजी त्याच गावी नाटक ठेवावे, ही रीत पडली आणि तिच्यावर झाडीपट्टीची रंगभूमी पोसली. तिच्या आधी दंडार होती, खडी गंमत होती. सोंगाड्याची परंपरा तेथूनच आली. पुढे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाट्यमंडळांचे केंद्र झाले. हंगाम भाऊबीजेच्या सुमारास उघडतो आणि होळीला आटोपतो. धान कापून झाले की नाटक, नाटक संपले की मोहफुले, त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता. आमच्या अनेक कलावंतांचे पंचांग हे असे आहे. यांतला बहुतेक नट शेतकरी किंवा मजूर आहे. कला हे त्याच्या वर्षातले एक पीक आहे.

या नटाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानी घ्यावे. आमच्या नाटकात नायक-नायिका बहुधा पुस्तकी मराठी बोलतात. विनोदी नट मात्र झाडीबोलीत बोलतो. 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'र' करणारी ही बोली शहरात गेल्यावर आपण लपवितो. पण मंडपात तिच्यातले पहिले वाक्य कानी पडताच माणसे सावरून बसतात, कारण आता आपल्यातला कोणीतरी बोलू लागला हे त्यांना कळते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीची दखल घेऊन तिला मान मिळवून दिला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून विनोदी नट तिला रात्रभर जागवीत होता. शिवाय त्याची निम्मी वाक्ये संहितेत नसतात. गावात दुपारी काय घडले ते तो संध्याकाळी विचारून घेतो आणि रात्री नाटकात गुंफतो. म्हणजे तो नटही आहे आणि लेखकही. फक्त त्याचे लेखन कागदावर उतरलेले नाही.

या परंपरेतील सर्वांत थोर नाव म्हणजे परशुराम खुणे. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात गुरनोली नावाचे गाव आहे, तेथील हे शेतकरी. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग असा त्यांच्या कामाचा आकडा सांगण्यात आला. आम्हा संघटनेच्या माणसांना हिशेबाची खोड असते, म्हणून मी मांडून पाहिले. हंगामात १०० रात्री धरल्या, तरी ५,००० प्रयोगांना ५० हंगाम लागतात. एका माणसाने इतक्या रात्री लोकांना हसविले, आणि त्या हसण्यातून व्यसन व अंधश्रद्धा यांवर बोलून घेतले. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूवर बोलणे सोपे नाही. कायदा धाक दाखवितो; पण रंगमंचावर झोकांडी खाणारा नट माणसाला त्याचे स्वतःचे रूप दाखवितो, आणि धाकापेक्षा ते अधिक झोंबते.

लोक त्यांना 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणतात. हा गौरवच आहे. दादा कोंडके १९३२ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगाराच्या घरी जन्मले, सेवादलाच्या कलापथकातून पुढे आले आणि वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने गाजले. दोघेही कष्टकऱ्यांच्या घरचे, तेव्हा साम्य खरेच आहे. परंतु एक अंतर विसरू नये. दादांचे चित्रपट आजही पाहता येतात. आमच्या नटाच्या ५,००० रात्रींपैकी किती शिल्लक आहेत? मैदानावरच्या आवाजाचीही तीच गत. बाळ ज. पंडित रणजी सामने खेळले आणि पुढे आकाशवाणीवरून त्यांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत रूढ केले. त्यांचे नाव राहिले, आणि ते योग्यच झाले. पण आमच्या पटावर कर्णा हाती धरणाऱ्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही.

ही कला किती नाजूक दोरीवर उभी आहे, ते २०१४ साली दिसले. त्या वर्षीच्या ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलाला टोचणे, मारणे हे क्रूरच आहे. कष्टकऱ्याची बाजू घेणाऱ्याने बैलाच्या कष्टाकडे पाठ फिरवू नये, असे माझे मत आहे. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत पटाचे निमित्त गेले, तरी नाटक थांबले नाही. मंडई, जत्रा, कशाच्याही आधाराने लोकांनी ते चालू ठेवले. मग करोनाच्या साथीने मंडपच ओस पडले, आणि रात्रीच्या बिदागीवर ज्यांची चूल पेटत होती त्यांना कोणी विचारले नाही.

शेवटी एक अनुभव सांगतो. एक वृद्ध विनोदी नट माझ्याकडे आले. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करावयाचा होता, आणि कलेचा पुरावा हवा होता. आयुष्यभर रात्री जागविलेल्या त्या माणसाजवळ एकही कागद नव्हता. "बाबू, लोक हासले, हाच पुरावा. तो कोठून आनू?" असे ते म्हणाले. आम्ही चार गावे फिरलो. एका घरी धान्याच्या कोठीच्या झाकणाखाली अंथरलेले जुने हँडबिल सापडले. त्यावर त्यांचे नाव खालून तिसरे होते. ते हाती घेऊन म्हातारा किती वेळ नुसता बसून राहिला!

बंधुभगिनींनो, म्हणून माझे मागणे लहान आहे. घरी जुनी हँडबिले असतील ती जाळू नका. गावच्या वाचनालयात द्या. प्रॉम्प्टरच्या वह्या जपा. जे वृद्ध नट आणि पटावरचे बोलके गडी अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांची वाक्ये त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. आता तर प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. मार्कंड्याचे दगड सांभाळावयास सरकारचे पुरातत्त्व खाते आहे. हसू सांभाळावयास मात्र आपल्यावाचून कोणी नाही.