घरकोंडीतले डाव

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढ्या दारोदार उभ्या राहिल्या, पण गुळाचा खडा घेऊन शेजारी जाण्याची सोय उरली नाही. सरकारने त्या वेळी जो साथरोगांचा कायदा हाती घेतला तो १८९७ सालचा, म्हणजे प्लेगाच्या दिवसांतला. गंमत अशी की, तेव्हाच्या प्लेगात लोकांना घरे सोडून माळावर झोपड्यांत जाऊन राहावे लागले होते, आणि या खेपेला त्याच कायद्याने माणसे घरात बसवली. असो. सांगायचे ते निराळेच आहे. त्या दिवसांत कित्येक घरांत माळ्यावरचे जुने पट खाली आले, कवड्या शोधल्या गेल्या, आणि आजीला नातवंडांनी विचारले, 'हे कसं खेळायचं?' काही आज्यांना सांगता आले, काहींना अर्धेच आठवले. बैठ्या खेळांचा इतिहास पाहू लागलो तर तो त्या आठवणाऱ्या आणि न आठवणाऱ्या आज्यांशी येऊन भिडतो, म्हणून हा विषय.

आता पाहा, शेतकऱ्याच्या घराला कोंडून बसणे काही नवे नाही. कोकणात आणि मावळात झड लागली की तीन-तीन, चार-चार दिवस अंगणात पाऊल टाकता येत नाही. चातुर्मासात प्रवास थांबत, लग्ने थांबत. आपल्याकडचे बैठे खेळ या सक्तीच्या सवडीवर पोसले. त्यांना सणांची जोडही होती. कोजागरीची रात्र फाशांचा खेळ मांडून जागवावी आणि दिवाळीच्या पाडव्याला, ज्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, एखादा डाव तरी खेळावा, अशी जुनी चाल. श्रावणातल्या मंगळागौरीची जागरणे तर सर्वांना ठाऊक आहेतच.

या खेळांचे आपल्याकडचे फार सुंदर चित्र वेरूळला दगडात आहे. एकविसाव्या लेण्यात, जिला रामेश्वर म्हणतात, आणि एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्यातही शंकर-पार्वती फासे खेळताना दाखवले आहेत. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी शाळेची सहल तिकडे नेली तर मुलांना मुद्दाम दाखवावे. पार्वतीचा चेहरा रुसलेला, आणि शंकर जणू म्हणताहेत, 'बस गं, आणखी एकच डाव!' खाली गण नंदीची खोडी काढताहेत. म्हणजे देवाचे घर झाले तरी मोठी माणसे खेळात दंग आणि पोरे त्या संधीचा फायदा घेऊन जनावराच्या मागे, असा हा अगदी आपल्या ओसरीवरचा देखावा! सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने तो कुठल्या तरी घरात डोळ्यांनी पाहिला असणार, असे मला तरी वाटते.

पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राज्यकारभारही आहे, स्वयंपाकही आहे, आणि बुद्धिबळ, फासे, कवड्या, कूटप्रश्न यांनाही जागा आहे. राजाने आपल्या ग्रंथात कोड्यांना आणि कवड्यांना स्थान द्यावे, यावरून त्या काळी हा पोरखेळ मानला जात नव्हता हे उघड आहे.

पण याची काळी बाजूही तेवढीच जुनी. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या पूर्वायुष्याची जी हकीकत येते ती आठवा. हरिपाळदेव जुगारात हरतात, देणे भागवायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती नाही म्हणते, आणि तिथून त्यांचे मन संसारावरून उडते. महाभारतातली सभा दूरची, पण ही हकीकत मराठी ग्रंथातली आहे. एकाच पटावर कुठे नवरा-बायकोचा लाडिक रुसवा होतो, कुठे संसार मोडतो. मधे फरक फक्त पैजेचा. आमच्या वडीलपिढीतले काही कर्ते पुरुष घरात सोंगट्या दिसल्या की कपाळाला आठ्या घालीत, त्याचे मूळ इथे आहे. त्यांना मी दोष देणार नाही, पण पैज टाकून द्यायच्या ऐवजी पटच टाकून दिला, हा तोटा झाला खरा.

तो पट म्हणजे सारीपाट. कापडाचा चार पाखांचा, प्रत्येक पाखात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चोवीस घरे. चारी पाखांची मिळून शहाण्णव, आणि मधे मोठे घर. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. हाडाचे किंवा हस्तिदंताचे लांबट फासे, नाहीतर कवड्या. चौघे बसले की समोरासमोरचे भिडू एका पक्षाचे. त्यामुळे सासू-सून एका बाजूला आणि बापलेक दुसऱ्या बाजूला, अशी मोठी मजेदार युती घडते, आणि दोघांच्या सगळ्या सोंगट्या घरी पोहोचल्याशिवाय जिंकणे नाही. हा खेळ आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की आपल्याला त्याचे भानही राहत नाही. मनासारखे दान पडले, फासे उलटे पडले, सगळा पट उधळून दिला, हे सारे तिथले. 'चोराने पोबारा केला' असे आपण म्हणतो, तो पोबारा म्हणजे मुळात सारीपाटातले एक मोठे दान. इंग्लंडात याच खेळाची एक सोपी आवृत्ती 'लुडो' नावाने १८९६ साली पेटंट झाली आणि पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आली. टाळेबंदीत पुष्कळ मुले तो मोबाइलवर खेळत होती. आजीचा पट आणि नातवाचा लुडो हे एकाच घराण्यातले, हे दोघांच्याही गावी नव्हते.

तीच गोष्ट सापशिडीची. आपल्याकडचा मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानदेवांकडे देते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढे सांगितले पाहिजे की आज हाती असलेले जुने पट त्यांच्या कितीतरी शतकांनंतरचे आहेत. पण पट कोणाचा यापेक्षा पटावर काय आहे ते मोलाचे. घराघरांवर गुणांची आणि दुर्गुणांची नावे. दया, भक्ती यांवरून शिडी, लोभ, क्रोध यांवर सापाचे तोंड, आणि वर वैकुंठ. शिड्यांपेक्षा साप अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तिथे पुढे साप आणि शिड्या यांची बरोबरी होत गेली. मग नावेही गेली, नुसते आकडे उरले. मला जुनाच पट अधिक खरा वाटतो. पोराला विचारता येते, 'बाबा रे, तुला कोणी गिळलं?' आणि पोर वाचून सांगते, 'मत्सरानं!'

गंजिफांविषयी मात्र थोडे सावकाश बोलतो, कारण ही आपल्याच मातीत टिकलेली चीज आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचा जोड धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा शहाण्णव पानांच्या, आठ रंगांच्या. हिंदू घरांत आणि दरबारांत त्याचे दशावतारी रूप झाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, म्हणजे एकंदर एकशेवीस. पाने गोल. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, हाताने रंगवायचे आणि वर लाखेची चकाकी द्यायची. सावंतवाडीचे चितारी हे काम करीत. छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेण्याची व्यवस्था केली आणि राजवाड्यातच काम सुरू करविले. म्हणून आज ती आहे.

खेळ तिघांचा. प्रत्येकी चाळीस पाने. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा धरणारा. आपल्या नेहमीच्या पत्त्यांतल्या हुकमासारखा एक रंग दुसऱ्यावर चढत नाही. त्यातून अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा! कोणते पान गेले, कोणते राहिले, हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकेल. निरक्षर म्हाताऱ्या माणसाने शिकलेल्या मुलाला हरवावे, असा हा डाव.

बुद्धिबळाविषयी एकच सांगतो. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, जयश्री, वासंती आणि रोहिणी, घरी वडिलांपाशी हा खेळ शिकल्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली, १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक आणला. मुलींना घरात बसवतात अशी तक्रार आपण नेहमी करतो. या तीन बहिणींच्या घरात बसण्यातून काय निघाले ते पाहा.

राजवाड्यातल्या खेळांची अशी नोंद राहते. गरिबाच्या ओसरीवरच्या खेळांची राहत नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, ते काम डोंगराएवढे आहे. तरी सागरगोट्यांची प्रत्येक गावची निराळी झेल, वाघबकरीची प्रत्येक वाडीची निराळी रेघ, हे कोणत्या कोशात मावणार? देवळांच्या फरशीवर, लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या देवड्यांत असे पट कोरलेले सापडतात. पहारेकऱ्यांनी नाहीतर गुराख्यांनी कोरलेले. पट आहे, नियम सांगणारा नाही.

शिक्षकमंडळींना म्हणून एक विनंती. पावसाळ्यात एखाद्या शनिवारी मुलांना घरून एकच खेळ विचारून यायला सांगा. नाव काय, सोंगट्या कशाच्या, मारलेली सोंगटी परत कशी बसते, हरणाऱ्याला काय चिडवतात, एवढे वहीत उतरवले की पुरे. आरंभ चल्लस-आठाने करा, कारण त्याला दमडी लागत नाही. कुठे त्याला चव्वा-अष्टा म्हणतील, कुठे आणखी काही. कोळशाने पाच बाय पाच, पंचवीस घरे आखायची. चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली. फुलीवर मरण नाही. चार कवड्या, त्या नसल्या तर चिंचोके एका अंगाने दगडावर घासून पांढरे करायचे. चारी पांढरे पडले तर चार, चारी काळे पडले तर आठ, आणि दोन्हींवर पुन्हा खेळी. सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे, प्रत्येकाचे चार. बाहेरची सोळा घरे एका दिशेने फिरायची, आतली आठ उलट दिशेने, मग मधले घर. मात्र दुसऱ्याची एखादी सोंगटी मारल्याखेरीज आत शिरता येत नाही. काही घरांत हा नियम धाकट्या मुलांना माफ असतो. तुमच्या गावात माफ आहे की नाही, तेही वहीत लिहून ठेवा.