तीन दिवसांची मुदत

शनिवार, ११ एप्रिल २०१५. ६७ दिवस आधी.

साउथ कॅरोलिनातल्या वेस्ट कोलंबिया गावात, बंदुकीच्या एका दुकानात एक गोरा तरुण .४५ कॅलिबरचं ग्लॉक पिस्तूल घ्यायला येतो. त्याचं नाव या लेखात येणार नाही. तो फॉर्म भरतो. बेकायदा अमली पदार्थ घेता का, हा प्रश्न त्या फॉर्मवर असतो. ‘नाही’ असं उत्तर देऊन तो सही करतो. दुकानदार एफबीआयच्या पडताळणी केंद्राशी संपर्क साधतो. उत्तर येतं: थांबा, तपास चालू आहे.

त्या उत्तरामागे कारण होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस याच मुलाला एका मॉलमध्ये अमली पदार्थासह पकडलं होतं आणि त्याने पोलिसांपुढे कबुलीही दिली होती. ती कबुली पडताळणी करणाऱ्या बाईंच्या हाती लागली असती तर पिस्तूल नाकारता आलं असतं. पण अटकेच्या नोंदीत खातं चुकीचं पडलं होतं. अटक केली कोलंबिया शहर पोलिसांनी, नोंद लागली लेक्सिंग्टन काउंटीच्या शेरीफच्या नावावर. बाईंनी शेरीफच्या कचेरीला विचारलं. तिथून कळलं, केस आमची नाही, कोलंबियाला विचारा. त्यांनी लेक्सिंग्टन काउंटीची यादी उघडली. त्या यादीत कोलंबिया पोलीस नव्हते, वेस्ट कोलंबिया पोलीस होते. त्यांना विचारलं, तर त्यांच्याकडे अशी केसच नव्हती.

नावं जवळपास सारखी, ठाणी वेगळी. तपास तिथेच अडकला.

गुरुवार, १६ एप्रिल. ६२ दिवस आधी.

१९९३च्या ब्रॅडी कायद्याने या पडताळणीला मुदत घालून दिली आहे: कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात सरकारकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ आलं नाही, तर दुकानदार बंदूक विकायला मोकळा. शंका उरली तर तिचा फायदा गिऱ्हाइकाला, अशीच कायद्याची रचना आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. गुरुवारी तो आला आणि पिस्तूल घेऊन गेला. दुकानाने कुठलाही नियम मोडला नाही, आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

बुधवार, १७ जून. दुपारी पावणेपाचचा सुमार. सव्वाचार तास आधी.

त्या मुलाची एक वेबसाइट आहे. तिच्यावर वर्णद्वेषाने भरलेला लांबलचक मजकूर आहे आणि त्याचे स्वतःचे फोटो आहेत. काही फोटोंत त्याच्या हातात कॉन्फेडरेट झेंडा आहे: लाल कापड, निळी फुली, तिच्यावर तेरा पांढऱ्या चांदण्या. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशापासून फुटून लढलेल्या दक्षिणेच्या फौजांचं हे निशाण. त्याच्या गाडीच्या पुढच्या पाटीवरही तेच. पावणेपाचच्या सुमाराला साइटवर शेवटचा बदल होतो.

असा झेंडा शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नव्हतं. राज्याची राजधानी कोलंबिया. तिथल्या विधानभवनाच्या घुमटावर हा झेंडा १९६१ साली चढला. यादवी युद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून, असं कारण दिलं गेलं. पण ती वर्षं काळ्या मुलामुलींनी दुकानांच्या जेवणाच्या काउंटरवर बसून हक्क मागण्याचीही होती, आणि झेंडा कोणाला दाखवायला वर गेला हे तिथल्या काळ्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. २००० साली मोठ्या आंदोलनानंतर तडजोड झाली. झेंडा घुमटावरून उतरला आणि समोरच्या आवारात, सैनिकांच्या स्मारकापाशी, तीस फुटी खांबावर फडकू लागला. आधी मान वर करून पाहावा लागे, आता येताजाता समोर.

संध्याकाळी ६. तीन तास आधी.

चार्ल्स्टन, कॅलहून स्ट्रीट. रस्त्याचं नाव गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं, आणि त्याच रस्त्यावर उभं आहे इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, लोकांच्या तोंडी ‘मदर इमॅन्युएल’. १८२२ साली गुलामांच्या उठावाचा बेत आखणारा डेन्मार्क व्हेसी याच मंडळीतला. त्याला आणि त्याच्या चौतीस साथीदारांना फाशी झाली, चर्च पाडण्यात आलं. मंडळी मात्र विखुरली नाही.

आज तिमाही बैठक आहे. हिशेब, ठराव, नेमणुका. पाळक आहेत क्लेमेंटा पिंकनी, वय ४१, राज्याच्या सिनेटचे सदस्य. तेविसाव्या वर्षी ते पहिल्यांदा आमदार झाले. दोनच महिन्यांपूर्वी शेजारच्या नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये एका पोलिसाने निःशस्त्र काळ्या माणसाला पाठीत गोळ्या घातल्या, तेव्हा पोलिसांच्या अंगावर कॅमेरे हवेत म्हणून पिंकनी सभागृहात बोलले होते. तो कायदा होऊन आठवडाच झालाय. आज बायको आणि धाकटी मुलगीही त्यांच्यासोबत आली आहे.

बैठक लांबते. एका एकोणसाठ वर्षांच्या बाईंचा प्रवचनाचा परवाना आज नवा होतो. त्यानंतरचा बायबल अभ्यास त्याच घेणार आहेत.

रात्री ८. तासभर आधी.

उशीर झालाय, आज राहू दे का, असं कोणीतरी म्हणतं. बहुतेक लोक घरी जातात. बारा जण थांबतात. एक सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी. एक ग्रंथपाल. एक सव्वीस वर्षांचा तरुण, त्याची आई, आणि त्या आईसोबत आलेली तिची अकरा वर्षांची नात. तळमजल्याच्या हॉलमध्ये टेबलं लावली जातात. आजचा पाठ मार्काच्या शुभवर्तमानातला, चौथा अध्याय: पेरणाऱ्याचा दाखला. खडकाळ जमिनीवर पडलेलं बी.

रात्री ८.१६. एकोणपन्नास मिनिटं आधी.

काळी ह्युंदाई बाजूच्या दारापाशी थांबते. कॅमेऱ्यात दिसतं: कमरेला पाऊच बांधलेला एक किडकिडीत पोरगा दार ढकलून आत जातो.

आत गेल्यावर काय झालं ते नंतर कोर्टात आलं, आणि मी तिथे पुन्हा पुन्हा अडखळतो. पिंकनींनी त्याला शेजारची खुर्ची दिली. हातात बायबल दिलं, पाठाचा कागद दिला. अनोळखी गोरा पोरगा रात्रीच्या अभ्यासाला आलाय, तर त्याला जागा करून द्यायची. कोणी चौकशी केली नाही, पाऊच उघड म्हटलं नाही. पाऊण तास तो त्यांच्यात बसला होता.

रात्री नऊला काही मिनिटं.

शेवटची प्रार्थना. सगळे उभे, डोळे मिटलेले. पहिली गोळी पिंकनींना लागते.

मग सत्तरहून अधिक गोळ्या. पाऊचमध्ये भरलेल्या मॅगझिन होत्या, एक संपली की दुसरी. सव्वीस वर्षांचा तो तरुण जखमी होऊनही त्याच्याशी बोलत राहिला, आणि मग आपल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याआजीकडे सरपटत गेला. त्याच्या आईने नातीला छातीशी घट्ट आवळलं, तिचा हुंदका बाहेर येऊ नये म्हणून. पाळकांच्या खोलीत त्यांच्या बायकोने दाराला कडी घातली आणि मुलीला घेऊन त्या टेबलाखाली बसल्या.

९.०५ला पोलिसांना पहिला फोन जातो. एका बाईंना त्याने सांगायला कोणीतरी उरावं म्हणून जिवंत ठेवलं होतं. फोन त्यांनीच केला. ९.०६ला तो ज्या दाराने आला त्याच दाराने बाहेर पडतो.

नऊ जण गेले.

त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला तो नॉर्थ कॅरोलिनातल्या शेल्बीत पकडला गेला. कोलंबियात सिनेटमधल्या पिंकनींच्या टेबलावर काळं कापड पसरलं होतं, वर एक गुलाब. घुमटावरचे दोन्ही झेंडे, देशाचा आणि राज्याचा, अर्ध्यावर आले. आवारातला कॉन्फेडरेट झेंडा तसाच टोकाला. त्याला हात लावायचा तर २०००च्या कायद्याप्रमाणे विधिमंडळाचं दोन तृतीयांश मत हवं. आणि खांबाला कप्पीच नव्हती, कापड वर पक्कं बांधलेलं. अर्ध्यावर आणायची सोयच कोणी ठेवली नव्हती. पुढच्या बुधवारी पिंकनींची शवपेटी घोड्यांच्या गाडीतून याच झेंड्यासमोरून विधानभवनात आली. आतल्या खिडकीतून तो दिसू नये म्हणून खिडकीवर काळा पडदा लावावा लागला.

पण झेंडा उतरला. गव्हर्नर निक्की हेली, पंजाबमधून आलेल्या शीख आईवडलांची मुलगी, २२ जूनला तशी मागणी करत्या झाल्या. २७ जूनला ब्री न्यूसम ही काळी कार्यकर्ती खांबावर चढून तो काढून आली; तिला अटक झाली आणि तासाभरात झेंडा पुन्हा वर बांधला गेला. ९ जुलैच्या पहाटे एकच्या सुमाराला, तेरा तासांच्या चर्चेनंतर, कनिष्ठ सभागृहात ९४ विरुद्ध २० मतं पडली. शुक्रवारी, १० जुलैला सकाळी, गर्दीच्या देखत तो उतरवून संग्रहालयात नेला. ते हवंच होतं, आणि त्यासाठी लढलेल्यांना मी कमी लेखत नाही. चोपन्न वर्षं जे अशक्य म्हणत होते ते तेवीस दिवसांत झालं.

त्याच शुक्रवारी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी पत्रकारांना एप्रिलची गोष्ट सांगितली: चुकीची नोंद, चुकीची यादी, उलटलेले तीन दिवस. हे पिस्तूल त्याला मिळायलाच नको होतं, असं त्यांनी कबूल केलं. अमेरिकेत या मुदतीला आता ‘चार्ल्स्टन लूपहोल’ म्हणतात. साउथ कॅरोलिनाचेच खासदार जिम क्लायबर्न यांनी मुदत वाढवण्याचं विधेयक लावून धरलं. प्रतिनिधिगृहाने ते २०१९मध्ये मंजूर केलं, २०२१मध्ये पुन्हा केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये पडून राहिलं. मृतांच्या कुटुंबांनी सरकारवर दावा लावला आणि २०२१मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. भरपाई दिली गेली, मुदत तीनच दिवसांची राहिली.

२०२२मध्ये काँग्रेसने थोडी वाढ दिली: गिऱ्हाइकाच्या नोंदीत काही खटकलं तर पडताळणीला कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वेळ. पण फक्त एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकांसाठी. ११ एप्रिल २०१५ला वेस्ट कोलंबियातल्या त्या दुकानात उभ्या असलेल्या मुलाला एकवीस पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते.