पंजे नसलेली बाई आणि ४८ वर्षांची अनुत्तरित क्वेरी

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि थोडी अंगावर येणारी आहे. जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या.

२६ जुलै १९७४. मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या अगदी टोकाला, प्रॉव्हिन्सटाउन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे रेस पॉइंटच्या वाळूच्या टेकड्यांत कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या एका मुलीला बाईचा मृतदेह दिसला. बाई चादरीवर झोपल्यासारखी पडलेली. डोक्याखाली तिचीच जीन्स आणि निळा रुमाल. कवटीवर जबर घाव. आणि हातांचे पंजे गायब.

पंजे का कापले असतील, विचार करा. १९७४ मध्ये अनोळखी मृतदेहाची ओळख म्हणजे बोटांचे ठसे. खुन्यानं थेट तेच डिलीट केलं.

पण काही दात राहिले होते. त्यावर हजारो डॉलरचं काम केलेलं होतं. एखादा डेंटिस्ट तरी ओळखेल ना? नाही ओळखलं. शेवटी तिला नावाशिवाय पुरलं, आणि पुढे १९८०, २००० आणि २०१३ मध्ये तपासासाठी कबर उघडली. लोक तिला 'लेडी ऑफ द ड्यून्स' म्हणायला लागले.

मधेच एक फिल्मी वळण. २०१५ मध्ये लेखक जो हिलनं (हो, स्टीफन किंगचा मुलगा) म्हटलं की 'जॉज'मधल्या गर्दीत एक बाई तशीच दिसते, निळा रुमाल, जीन्स. शूटिंगही त्याच उन्हाळ्यात, तिथून फार लांब नाही. इंटरनेट वेडं झालं. मलाही तेव्हा भारी वाटलं होतं. हाती मात्र काही लागलं नाही.

उत्तर हाडात होतं. पोलिसांची नेहमीची डीएनए टेस्ट जेमतेम २० जागा तपासते. समोरच्या डेटाबेसमध्ये ती व्यक्ती किंवा अगदी जवळचा नातेवाईक नसेल तर रिझल्ट शून्य. वंशावळीची टेस्ट लाखो जागा बघते, म्हणून खापरपणजोबा एक असलेले लांबचे भाऊबहीणही सापडतात. मग माणसं बसून कागदोपत्री झाड जुळवतात, फांदी फांदी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि खरं काम तोच करतो.

३१ ऑक्टोबर २०२२ ला एफबीआयनं नाव जाहीर केलं: रूथ मेरी टेरी. जन्म १९३६, टेनेसी. मृत्यूच्या वेळी वय ३७.

आता इथे मी अडकलो. तिला घरचे होते! १९७४ मध्येच तिचं लग्न झालं होतं, नवऱ्याबरोबर ती टेनेसीला माहेरी जाऊनही आली होती. नंतर नवरा एकटाच परतला, तिची गाडी चालवत, आणि 'ती वारली' असं सांगितलं. म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये मृतदेह होता पण नाव नव्हतं, आणि टेनेसीत नाव होतं पण बाई नव्हती. दोन टेबलं, जोडणारी की कुठेच नाही. खुन्यानं पंजे कापले हे खरं, पण त्याला ४८ वर्षं मिळाली ती त्या एका थापेमुळेही, असं मला वाटतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की खून नवऱ्यानंच केला. सिएटलमधल्या त्याच्या आधीच्या एका बायकोच्या आणि सावत्र मुलीच्या मृत्यूतही संशय त्याच्यावरच होता. तो २००२ मध्येच मेला होता. रूथच्या खुनाचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही.